वाचकांचे प्रश्न : तारकांचा चमचमाट ऐकू येतो का?

प्रश्न : माझी मुलगी शिष्यवृत्ती परीक्षेची तयारी करीत आहे. तिच्या मार्गदर्शक पुस्तकातील ध्वनिदर्शक शब्दांच्या यादीत 'ढगांचा गडगडाट', 'विजांचा कडकडाट', 'पानांची सळसळ' यांच्या शेजारीच 'तारकांचा चमचमाट' छापलेला आहे. "तारकांना आवाज असतो का?" असे तिने विचारले आणि मला उत्तर सुचले नाही. यादी चुकली आहे का?
— एक पालक, सातारा

उत्तर : 'ध्वनिदर्शक' हा मथळा कायम ठेवायचा असेल तर यादी चुकली आहे, आणि जी चूक वर्षानुवर्षे घोकणाऱ्यांच्या नजरेतून सुटली ती आपल्या मुलीने पकडली, याचे कौतुक आधी करावयास हवे. मात्र यादी करणाऱ्याची गफलत समजण्यासारखी आहे, कारण घडणीच्या दृष्टीने 'चमचमाट' हा 'गडगडाटा'चा सख्खा भाऊ आहे. तोच अवयव दोनदा उच्चारायचा आणि पुढे 'आट' जोडायचा, हा साचा दोघांचाही आहे. शालेय व्याकरणात अशा शब्दांना अभ्यस्त, म्हणजे पुनरुक्तीने बनलेल्या, शब्दांतील 'अनुकरणवाचक' असे म्हणतात. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशातही (पहिली आवृत्ती १८३१, दुसरी १८५७) अशा कितीतरी शब्दांपुढे अनुकरणाची खूण केलेली आढळते. अनुकरण म्हटले की आपण ते कानाचेच धरून चालतो, आणि घोटाळा तेथेच होतो.

मराठी भाषा उजेडाचीही नक्कल करते. 'लुकलुक' म्हणताना दूरचा दिवा क्षणभर दिसतो, क्षणभर नाहीसा होतो. 'मिणमिण' म्हणताना तो विझत नाही, पण अंधाराला पुरतही नाही. 'लखलख' म्हटले की घासलेल्या तांब्यापितळेवर किंवा उपसलेल्या तलवारीवर प्रकाश आदळतो. यांपैकी कशालाही आवाज नाही, तरीही प्रत्येक शब्दाची लय त्या त्या उजेडाच्या वागण्याशी जुळते. ही खोड एकट्या मराठीची नव्हे. शेजारच्या कन्नडमध्ये चकाकण्यासाठी 'थळथळ' म्हणतात. भाषाशास्त्रज्ञ मरे एमेनो यांनी १९६९ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात असे दाखवून दिले की, हे दुहेरी शब्द द्राविडी आणि आर्य अशा दोन्ही कुळांतील भारतीय भाषांचा सामाईक ठेवा आहेत.

मला स्वतःला अधिक मौज वाटते ती हे शब्द एका इंद्रियाचे घर सोडून दुसऱ्याच्या घरी नांदावयास जातात त्याची. 'कडकड' हा मुळात मोडण्याचा, तडकण्याचा आवाज. विजेच्या वाट्याला त्याचा कडकडाट आला. पण ऊन कडकडीत पडते तेव्हा कानाला काय ऐकू येते? उपास कडकडीत असतो, कपड्यांची इस्त्री कडकडीत असते, भूक कडकडून लागते आणि वर्षांनी भेटलेल्या मैत्रिणी एकमेकींना कडकडून भेटतात. 'झणझण' हा तारेचा नाद. त्यातूनच मुंग्या आलेला पाय झणझणतो आणि कोल्हापूरचा रस्सा झणझणीत होतो. 'चमचम' डोळ्यांची, तर 'चमचमीत' जिभेचे.

'ठणठण' या शब्दाने तर कमालच केली आहे. 'ठणठणीत' म्हणजे निरोगी, 'ठणठणाट' म्हणजे पूर्ण अभाव, आणि दुखऱ्या दाढेचा 'ठणका' तिसरीकडेच. एकाच नादातून प्रकृतीचे सुख आणि खिशाचे दुःख कसे निघाले, हे कळण्यासाठी कुंभाराकडे मडके घेणाऱ्या बाईकडे पाहावे, असे मला वाटते. ती बोटाच्या पेराने मडके वाजवते. ठण्ण आवाज आला तर मडके पक्के भाजलेले आहे, त्याला चीर गेलेली नाही. मात्र हेच मडके घरी धान्याचे म्हणून ठेवलेले असेल, तर असा आवाज आल्यावर घरात दाणा उरलेला नाही हे कळते. हा माझा तर्क आहे, कोशातील व्युत्पत्ती नव्हे. परंतु दोन्ही अर्थ त्यात सहज बसतात.

मुलीने परीक्षेत 'चमचमाट' असेच लिहावे, कारण गुण उत्तरसूचीप्रमाणे मिळतात. घरी मात्र मथळा खोडून तेथे 'अनुकरणवाचक शब्द' असे लिहावे.

प्रश्न : मी अनुवाद करते. लालभडक, लालचुटुक आणि लालबुंद यांत रंगाच्या छटेचा नेमका फरक कोणता?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : छटेचा फरक जवळजवळ नाहीच, फरक पाहणाऱ्याच्या मनात आहे. पोपटाची चोच लालचुटुक असते, कारण ती इवलीशी असून पाहणाऱ्याला तिचे कौतुक वाटते. तोच रंग एखाद्या दुकानाच्या पाटीला फासला की तो लालभडक होतो, कारण तो डोळ्यांवर येतो. लालबुंद होतो तो रागाने किंवा उन्हाने तापलेला चेहरा; तेथे आतून रक्त चढलेले असते. काळ्या रंगाचेही असेच आहे. केस आणि डोळे काळेभोर, अंधार काळाकुट्ट. एखाद्या माणसाला काळाकुट्ट म्हटले तर ते वर्णन राहत नाही, अपमान होतो. कपडे पांढरेशुभ्र असतात, पण भीतीने चेहरा पांढराफटक पडतो. त्यामुळे अनुवाद करताना रंगतक्ता उघडू नये, बोलणारा खूश आहे की वैतागलेला ते आधी ठरवावे. शब्द चालवताना पूर्वपदच बदलते, उत्तरपद नाही : हिरवागार मळा, हिरवीगार शेते, काळीभोर जमीन.

प्रश्न : मराठीत वासासाठी शब्द फार थोडे आहेत, असे का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : तितके थोडे नाहीत. भाजणीचा वास खमंग, जुन्या शेंगदाण्यांचा खवट, पावसाळ्यात न वाळलेल्या कपड्यांचा कुबट, तळाला लागलेल्या दुधाचा करपट. शिवाय विशेषणाचे काम येथे बऱ्याचदा क्रियापदच करते. मोगरा दरवळतो, तुपाचा वास सुटतो, पण मोजा वास मारतो. आणि नुसते "वास येतोय" असे कोणी नाक मुरडून म्हटले, तर तो कशाचा हे विचारण्याआधी आपण खिडकी उघडतो.