मत्स्यपेटीतील दगडी भिंत

प्रश्न : माझ्याकडे ९० सेंमी लांब आणि ४५ सेंमी उंच अशी काचेची मत्स्यपेटी आहे. मागे लावलेल्या छापील चित्राचा आता कंटाळा आला असून तेथे खऱ्या दगडाची भिंत करावी असे मनात आहे. दगड कोणता घ्यावा, तो थेट काचेला चिकटवता येईल का आणि मासे पेटीत असतानाच हे काम उरकेल का?

उत्तर : शेवटचा भाग आधी घेतो, कारण त्याचे उत्तर स्पष्ट नकारार्थी आहे. दगड धरून ठेवणारे सिलिकॉन कोरड्या, स्वच्छ पृष्ठभागावरच पकड घेते आणि सुकताना त्यातून व्हिनेगरसारखे आम्ल बाहेर पडते. त्यामुळे मासे दुसरीकडे ठेवून पेटी रिकामी व कोरडी करण्याला पर्याय नाही. सिलिकॉन मत्स्यपेटीसाठीचेच घ्यावे. न्हाणीघरासाठी मिळणाऱ्या सिलिकॉनमध्ये बुरशीनाशक मिसळलेले असते आणि ते माशांना घातक ठरते.

दगडांमध्ये पाटीचा दगड, म्हणजे स्लेट, या कामासाठी मला सर्वांत सोयीचा वाटतो, कारण त्याच्या सपाट, पातळ चिपा सहज सुटतात आणि तो पाण्याच्या गुणधर्मांत जवळजवळ ढवळाढवळ करीत नाही. निवडताना दगड ओला करून पाहावा. कोरडेपणी राखाडी दिसणारा तुकडा पाण्याखाली अगदी काळा होऊ शकतो. नखाने पापुद्रे सुटत असतील किंवा धातूसारख्या चकाकणाऱ्या रेषा असतील, तर तो बाजूला ठेवावा. चुनखडी आणि संगमरवर पाण्यात हळूहळू विरघळून त्याचा जडपणा, म्हणजे त्यातील विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण, वाढवतात. मलावी सरोवरातील सिक्लिड माशांना असे पाणी मानवते, निऑन टेट्रासारख्या मृदू पाण्यातील माशांना मात्र नाही. दगडावर खिळ्याने ओरखडा काढून निघालेल्या भुकटीवर व्हिनेगरचे दोन थेंब टाकावेत. बुडबुडे आले तर त्यात चुना आहे असे समजावे. बुडबुडे न आल्यासही तो दगड आठवडाभर बादलीत बुडवून पाण्याचा जडपणा आधी आणि नंतर मोजणे अधिक भरवशाचे. दगड ब्रशने घासून धुवावेत, उकळू मात्र नयेत. आत मुरलेल्या पाण्याची वाफ होऊन ते फुटण्याचा धोका असतो.

थेट काचेला चिकटवता येतील, परंतु वजनाचा हिशेब आधी करावा. ९० बाय ४० सेंमीची भिंत सरासरी १ सेंमी जाडीची धरली, तर स्लेट सुमारे पावणेदहा किलो भरते. हे सगळे ओझे केवळ सिलिकॉनवर लटकू नये, म्हणून मोठे तुकडे तळाशी टेकवावेत आणि त्यांच्या खांद्यावर वरची रांग बसवावी. काच आणि खालच्या दगडांमध्ये थर्मोकोलची पातळ पट्टी घातली, तर टोकदार कोपऱ्याचा दाब एका बिंदूवर येत नाही.

मांडणी पेटीत करू नका. काचेच्या मापाचा कागद जमिनीवर पसरून त्यावर तुकडे जुळवावेत आणि मागे पेन्सिलीने क्रमांक घालावेत. नंतर पेटी पाठीवर आडवी करून तळाकडून वर चिकटवत जावे. सिलिकॉन दगडाच्या पाठीवर सपाट फासू नये, त्याचे वेगवेगळे गोळे ठेवावेत. सपाट थराच्या मध्यापर्यंत हवेतील ओलावा पोचत नाही आणि तो दीर्घकाळ कच्चा राहतो. गोळे पक्के झाल्यावर कडांच्या फटी काळ्या सिलिकॉनने बोट फिरवून बंद कराव्यात. या पायरीचा अनेकांना कंटाळा येतो. मलाही आला होता आणि सापासारख्या बारीक शरीराचा एक कुली लोच मासा भिंतीमागे शिरून अडकला. त्याला काढण्यासाठी वरचे दोन दगड उखडावे लागले. मासे अडकले नाहीत तरी अशा पोकळीत विष्ठा आणि उरलेले खाद्य साचून कुजत राहते.

पाणी भरण्याची घाई करू नये. उघडे सिलिकॉन एक-दोन दिवसांत सुकले तरी दगडामागच्या गोळ्यांना किमान आठवडा द्यावा आणि आंबूस वास पूर्ण गेल्यावरच पाणी भरून ते एकदा बदलावे.

प्रश्न : वजन टाळण्यासाठी थर्मोकोलवर सिमेंट लिंपून दगडासारखी भिंत केली तर?

उत्तर : चालते, पण ताज्या सिमेंटमधील चुना पाण्यात उतरून त्याचा सामू (पीएच) बराच वाढवतो, म्हणून काही आठवडे पाणी बदलत राहावे आणि सामू स्थिरावल्यावरच मासे सोडावेत. शिवाय थर्मोकोल तरंगतो. तो संपूर्ण पाठीवर घट्ट चिकटवला नाही, तर पाणी चढताच भिंत काचेपासून सुटून वर येते.