प्रश्नोत्तरे : वर्गातील कामाचा पुरावा म्हणजे नेमके काय?

प्रश्न : नाशिक जिल्ह्यात नऊ वर्षे प्राथमिक शाळेत शिकवल्यानंतर आता मी मेलबर्नच्या एका शाळेत शिक्षिका म्हणून तात्पुरत्या नोंदणीवर काम करते. पूर्ण नोंदणीसाठी व्यावसायिक मानकांनुसार पुरावे द्यायचे आहेत. मानकांखाली 37 मुद्दे आहेत, मग 37 कागद जोडायचे का? दैनिक टाचण आणि घटक नियोजनाची फाइल पुरणार नाही का?
— एक शिक्षिका, मेलबर्न

उत्तर : फाइल नीटनेटकी ठेवण्याची आपली सवय मोलाची आहे, पण केवळ तिच्यावर हे काम भागणार नाही. टाचणावरून आपण काय शिकवायचे ठरवले होते एवढेच कळते. मुले काय शिकली आणि ती शिकली नाहीत तेव्हा आपण काय बदलले, हे त्यात सहसा नसते, आणि मानकांना नेमके तेच हवे असते.

ऑस्ट्रेलियात 2011 पासून असलेल्या या राष्ट्रीय मानकांत व्यावसायिक ज्ञान, प्रत्यक्ष अध्यापन आणि व्यावसायिक सहभाग अशा तीन क्षेत्रांत सात मानके आहेत आणि शिक्षकाच्या वाटचालीचे चार टप्पे सांगितले आहेत. पूर्ण नोंदणीसाठी आपल्याला त्यांपैकी दुसरा टप्पा गाठल्याचे दाखवायचे आहे. मेलबर्न ज्या राज्यात आहे, त्या व्हिक्टोरियात त्यासाठी किमान 80 दिवसांचे अध्यापन लागते, आणि मार्गदर्शक शिक्षकांच्या सोबतीने एखादा प्रश्न निवडून वर्गात त्याचा छडा लावायचा असतो.

समजा, सहावीच्या चार मुलांनी एक द्वितीयांश अधिक एक तृतीयांश म्हणजे दोन पंचमांश असे लिहिले. त्या उत्तरांची प्रत ठेवा. दुसऱ्या दिवशी आपण त्यांना कागदाच्या समान लांबीच्या पट्ट्या घड्या घालायला दिल्या आणि अर्धी पट्टीच दोन पंचमांशांपेक्षा लांब निघाल्यावर एक मुलगा म्हणाला, ‘बेरीज केली तर कमी कसे होईल?’ हे वाक्य तारखेसह त्याच दिवशी लिहून ठेवा, कारण आठवड्याने ते जसेच्या तसे आठवत नाही. आठ दिवसांनी त्याच मुलांनी सोडवलेली नवी उदाहरणे जोडा आणि खाली चार-पाच ओळींत लिहा : चूक कशी लक्षात आली, पट्ट्याच का निवडल्या, कोणाला अजून मदत हवी आहे. मुलांच्या गरजेनुसार अध्यापन बदलणे, मूल्यमापनातून अर्थ काढणे आणि आपल्याच पाठाचे परीक्षण करणे, असे अनेक मुद्दे या एका पुराव्यात येतात. माझ्या मते या चार-पाच ओळी हाच खरा पुरावा आहे; त्यांच्याविना जोडलेल्या वह्यांच्या प्रती मुक्याच राहतात.

दोन मुद्द्यांना मात्र आपण अधिक वेळ द्यावा. ऑस्ट्रेलियातील मूळ निवासींची मुले कशी शिकतात हे समजून घेणे आणि त्यांचा इतिहास, संस्कृती व भाषा यांविषयी सर्वच मुलांमध्ये आदर निर्माण करणे, ही तेथील प्रत्येक शिक्षकाची जबाबदारी मानली जाते. मेलबर्न परिसर ज्यांची परंपरागत भूमी आहे, त्या वुरुंजेरी आणि बुनुरोंग लोकांपासून सुरुवात करावी, आणि पाठ ठरवण्याआधी शाळेतील जाणकारांशी बोलावे.

प्रतींवरील मुलांची नावे झाकावीत आणि परवानगीशिवाय छायाचित्रे वापरू नयेत. मार्गदर्शकांच्या पुढच्या भेटीत सगळी फाइल पुढे न ठेवता असा एकच पुरावा दाखवा आणि त्यातून कोणते मुद्दे सिद्ध होतात व कोणते राहतात, हे त्यांनाच विचारा.