स्मोकर घेण्याआधी आत टॉर्च लावा

प्रश्न: घरी आम्ही चौघं. महिन्यातून दोनदा, सुट्टीच्या दिवशी मांस धुरावर शिजवायचा विचार आहे. आडवं नळकांडं आणि बाजूला वेगळी भट्टी असलेला ऑफसेट स्मोकर माझ्या मनात भरलाय. नवरा म्हणतो, इलेक्ट्रिक घे. कुणाचं ऐकू?

उत्तर: ऑफसेटच्या रूपावर मीही भाळलो होतो. माझा पहिला स्मोकर तोच, हलक्यातला. पत्रा जेमतेम दोन मिलिमीटर. वाऱ्याची झुळूक आली की तापमानाचा काटा धाडकन खाली यायचा. घाबरून मी लाकडं कोंबायचो, मग तापमान चढलं की झडप बंद. आतलं लाकूड घुसमटायचं आणि पांढराफेक, दाट धूर निघायचा. त्या दिवशीच्या कोंबडीचा दुसरा घास घरात कुणी घेतला नाही, इतकी ती कडू. धूर हवा तो पातळ, निळसर, दिसेल न दिसेल असा.

जाड, सहा मिलिमीटर पत्र्याचा ऑफसेट उष्णता छान धरतो. पण तोही दर पाऊण तासाला लाकूड मागतो. डुकराच्या खांद्याचा मोठा तुकडा ११०-१२० अंश सेल्सियसवर आठ-दहा तास घेतो. तेवढा वेळ भट्टीपाशी बसण्यातच मजा वाटत असेल, तर खुशाल घ्या.

इलेक्ट्रिकमध्ये तापमानाची काळजी नाही, पण धूर जरा मिळमिळीत. शिवाय बरेचसे १३५ अंशांच्या वर जात नाहीत, त्यामुळे कोंबडीची कातडी रबरासारखी राहते.

मी तुमच्या जागी असतो तर उभा, कोळशाचा वॉटर स्मोकर घेतला असता. मधल्या थाळीतलं पाणी शंभर अंशांच्या वर तापत नाही, जास्तीची आच पिऊन घेतं. न पेटवलेल्या कोळशावर मोजके पेटलेले निखारे ठेवा. आग हळूहळू खाली सरकते आणि तासन्‌तास हात लावावा लागत नाही.

दुकानात झाकण लावून आत टॉर्च ठेवा. जिथून उजेड डोकावेल तिथून धूर जाणार. झाकणावरच्या थर्मामीटरवर विसंबू नका, तो वरच्या हवेचं सांगतो. जाळीसाठी एक प्रोब, म्हणजे सळईसारखा थर्मामीटर, आणि मांसात खुपसायला दुसरा घ्या. कोंबडी आतून ७४ अंश, खांदा तुटून यायला ९३-९५. तो ६५-७०ला येऊन कधी कधी दोन-तीन तास अडून बसतो. पृष्ठभागावरचं पाणी वाफ होऊन मांस थंड करत असतं; आच वाढवू नका, बसू द्या. माझा तर तेव्हाच हात शिवशिवतो.

लाकडी भुशाच्या दाबलेल्या गोळ्यांवर चालणाऱ्या पेलेट स्मोकरबद्दल तुम्ही विचारलं नाही, म्हणून एवढंच: वीज लागते, आणि ओल लागली की गोळ्यांचा भुसा होतो.

धुरासाठी लाकूड ओक किंवा सफरचंदाचं, वाळलेलं. पाइन नको, राळ असते. रंगवलेलं तर अजिबात नको. आणि यजमानांना सांगा, पाऊस आला म्हणून कोळशाचा स्मोकर गॅरेजमध्ये ओढायचा नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.