ती कात, तो कात आणि कीटकाची 'त्वचा'

रत्नागिरीहून प्रश्न आला आहे: आंब्यावरच्या तुडतुड्यांविषयी लिहिताना 'क्युटिकल'ला त्वचा म्हणावे का? आणि 'इनेट इम्युनिटी'ला जन्मजात प्रतिकारशक्ती चालेल का?

त्वचा नको. त्वचा पेशींची असते. क्युटिकल म्हणजे पेशींनी बाहेर सोडलेले कायटिन आणि प्रथिनांचे थर. परिभाषेतला 'उपत्वचा' तर त्याहून वाईट. सर्वांत वरच्या थराला 'उप' कशासाठी? अंगावर आहे तोवर कवच, उतरले की कात. आणि कृपा करून 'कात बदलली' लिहू नका. नवे कवच जुन्याखाली आधी तयार होते, मग जुने टाकतात.

ही कात स्त्रीलिंगी. खैराचा तो कात 'क्वाथ'पासून आला, त्याचा इथे संबंध नाही. हिचे मूळ 'कृत्ति': कृत् म्हणजे कापणे, कापून सोललेले कातडे ती कृत्ति, ते पांघरणारा शंकर कृत्तिवास. कात्रीही त्याच धातूची!

माझ्या मते आपला कातळही याच मुळाचा, आणि त्याला कातीपासून तोडणाऱ्यांशी माझे मुळीच पटत नाही. जांभ्याचा चिरा खाणीतून निघतो तेव्हा तासता येईल इतका मऊ असतो, वारा लागला की कडक होतो. नुकती कात टाकलेला किडाही तसाच मऊ नि फिकट. मग लॅकेस-२ या जनुकापासून बनलेले विकर (एन्झाइम) ऑक्सिजनच्या मदतीने फिनॉल या रसायनांची क्विनोने करते, ती प्रथिनांना एकमेकांत सांधतात आणि कवच घट्ट, गडद होते. पिठातल्या तांबड्या भुंगेऱ्यात हे जनुक दाबले, तर कवच मऊ आणि पांढुरकेच राहते, किडा मरतो. जमिनीची कात ती कातळ, असे मी म्हणतो ते यावरून.

किड्याच्या जखमेवर काळी खपली धरते तीही जवळपास याच रसायनाने. तिथे काम रक्तातल्या फिनॉलऑक्सिडेज या विकराचे. कवच आणि प्रतिकार यांचे नाते इतके जवळचे आहे. तुडतुडे मारायला फवारतात ती मेटारायझियम बुरशी कवच भेदूनच आत शिरते. बीजाणू रुजून आत पोचण्याआधी पिल्लाने कात टाकली, तर ते कातीबरोबर गळून जातात. म्हणून एका फवारणीवर विसंबू नये. ब्युप्रोफेझिन या कीटकनाशकाचे उलट: ते कायटिन बनू देत नाही, पिल्लू कात टाकतानाच मरते. मोठ्या तुडतुड्याला कात टाकायचीच नसते, त्यामुळे तो त्याने मरत नाही.

बुरशी आत शिरलीच, तर किड्याच्या उपजत प्रतिकारातली टोल जनुकाची साखळी जागी होते. ड्रॉसोफिला या प्रयोगशाळेतल्या छोट्या माशीत (आंब्यातली फळमाशी वेगळी) टोल जनुक निकामी असले की बुरशी माशीला मारते, हे १९९६ साली दिसले.

राहिले 'जन्मजात'. ते आपण व्यंगाला लावतो. उपजत म्हणा.