फिक्सेस लिहूनही इश्यू उघडाच का राहतो?

प्रश्न: नमस्कार दादा, मी परसोडीच्या आयटी पार्कमध्ये एका छोट्या कंपनीत काम करते, सहा जणांची टीम आहे आमची. कोड गिटहबवर (कोड ठेवायची वेबसाइट) आहे, जुने इश्यू, म्हणजे चुका-कामांच्या नोंदी, पण तिथंच पडून आहेत, आणि मागच्या वर्षीपासून नवीन तिकिटं, म्हणजे तशाच नोंदी, जिरा नावाच्या दुसऱ्या टूलवर काढून राहिलो. आता दोन नवीन पोरं जॉइन झाली तर सरांनी मला सांगितलं की इश्यू आणि पीआर (पुल रिक्वेस्ट, म्हणजे केलेला बदल टीमच्या कोडमध्ये घ्यायची विनंती) कसे जोडायचे ते एकदा लिहून काढ. मी लिहायला बसली तर समजलं की मलाच नीट माहीत नाही. पीआरमध्ये इश्यूच्या नंबराआधी फिक्सेस लिहिलं की कधी इश्यू आपोआप बंद होते, कधी तसाच उघडा राहते, काऊन ते कोणालाच सांगता येत नाही. आणि एवढं लिहून कोणी वाचणार आहे का?
– एक वाचक, त्रिमूर्ती नगर, नागपूर

उत्तर: ताई, आधी त्या कधी होते कधी नाहीचं बघू, कारण तुमच्या पानावरचं सगळ्यात कामाचं वाक्य तेच ठरणार आहे. तुमच्याकडे रोजचे पीआर डेव्हलप ब्रँचवर (ब्रँच म्हणजे कोडची वेगळी चालणारी प्रत) उघडतात आणि घाईचे हॉटफिक्स, म्हणजे तातडीच्या दुरुस्त्या, सरळ मेन ब्रँचवर जातात, असं आहे का ते पाहा. गिटहबवर क्लोज, फिक्स, रिझॉल्व्ह हे तीन शब्द आणि त्यांची क्लोजेस, फिक्स्ड अशी रूपं पीआर डिफॉल्ट ब्रँचवर (रेपोची, म्हणजे प्रोजेक्टच्या कोडसाठ्याची, मुख्य ठरवलेली ब्रँच) असला तरच चालतात. दुसऱ्या ब्रँचवर असेल तर गिटहब तो शब्द सोडून देतं, इश्यू बंद होत नाही आणि एररही कुठं दिसत नाही. वरून गंमत अशी की नुसता नंबर टाकला तरी इश्यूच्या खाली पीआरचा उल्लेख येतोच, त्यामुळे आपल्याला वाटतं की जोडलं गेलं. उल्लेख होणं वेगळं आणि लिंक होणं वेगळं, हे पानावर ठळक लिहा, आणि तुमची डिफॉल्ट ब्रँच कोणती तेही नावासकट लिहा.

दुसरी चूक सगळेच करतात. एका पीआरमध्ये दोन इश्यू सुटले तर लोक 'क्लोजेस #४२, #४३' लिहितात आणि त्यात फक्त ४२ बंद होतो. 'क्लोजेस #४२, क्लोजेस #४३' असं शब्द परत लिहावा लागतो. (इथं देवनागरीत छापलंय, टाइप करताना शब्द आणि आकडे दोन्ही इंग्रजीत.) आणि हे पीआरच्या डिस्क्रिप्शनमध्ये लिहायचं, टायटलमध्ये लिहून भागत नाही. कोणी विसरलंच तर पीआरच्या उजव्या बाजूला डेव्हलपमेंट म्हणून भाग असतो, तिथून हातानं इश्यू जोडता येतो.

जिराचं गणित वेगळं आहे, ते त्याच परिच्छेदात कोंबू नका, नवीन पोरं गोंधळतात. तिथं गिटहबशी जोडणारं ॲप एकदा ॲडमिननं बसवलेलं पाहिजे, मग ब्रँचच्या नावात, कमिट मेसेजमध्ये (बदल नोंदवताना लिहायची ओळ) आणि पीआरच्या टायटलमध्ये तिकिटाची की, म्हणजे त्याचा ओळख-क्रमांक, कॅपिटल अक्षरांत टाकली की तिकिटावर ते सगळं दिसायला लागतं. पण दिसतं फक्त, स्टेटस आपोआप बदलत नाही. त्यासाठी ऑटोमेशनचा नियम लावा किंवा स्मार्ट कमिट (कमिट मेसेजमध्येच जिराला द्यायची सूचना) वापरा, आणि स्मार्ट कमिट चालत नसेल तर पहिले गिटमधला ईमेल आणि जिराच्या अकाउंटचा ईमेल एकच आहे का ते तपासा, बहुतेक वेळा गाडी तिथंच अडकते. उलट बाजूनं, गिटहबवर तिकिटाची की दिसली की क्लिक करून जिरा उघडावा असं वाटत असेल तर रेपोच्या सेटिंगमध्ये ऑटोलिंक आहे, दोन मिनिटांचं काम आहे.

आता कोणी वाचणार का. माझ्यासोबत झालेलं सांगतो, हे मी एवढ्या कळकळीनं का लिहून राहिलो ते समजेल. धंतोलीतल्या एका ऑफिसात असताना बिलिंगच्या कोडमध्ये एक रक्कम दोनदा राउंड केलेली दिसली, एकदा प्रत्येक ओळीवर आणि एकदा बेरजेवर. मला वाटलं चुकून राहिलं असेल, गिट ब्लेम (कोणती ओळ कोणत्या कमिटमधून आली ते दाखवणारी कमांड) लावला तर कमिट मेसेज निघाला 'मायनर फिक्स', पीआरमध्ये तिकिटाचा नंबर नाही, डिस्क्रिप्शन कोरं. मी ती ओळ काढून टाकली. दुसऱ्या दिवशी एका जुन्या ग्राहकाच्या बिलात एक रुपयाचा फरक आला. तेव्हा शोधत बसलो तर तिकीट सापडलं, दोन वर्षं जुनं, त्यात त्या ग्राहकानं स्वतः हिशेब मांडून दाखवला होता की दोनदा राउंड का पाहिजे. पूर्ण माहिती होती हो, फक्त कोडपासून तिथपर्यंत जायला रस्ता नव्हता. तुमच्या पानाची सुरुवात नियमांनी करू नका, तुमच्याच रेपोतलं असं एखादं उदाहरण घ्या आणि त्या खऱ्या पीआरची लिंक द्या.

आणि पान एकटं ठेवू नका. रेपोत डॉट गिटहब फोल्डरमध्ये पुल रिक्वेस्ट टेम्प्लेटची फाइल टाका, त्यात पहिलीच ओळ 'कोणतं तिकीट' आणि खाली तुमच्या पानाची लिंक, म्हणजे पीआर उघडला की ते समोरच येते, शोधत जावं लागत नाही. पान एका स्क्रीनमध्ये मावेल एवढंच ठेवा.

लिहून झालं की दोघांपैकी एका पोराला एक टेस्ट रेपो द्या, शेजारी बसा आणि काही सांगू नका, नुसतं पान वाचून इश्यू काढण्यापासून तो बंद होईपर्यंत त्याला करू द्या. तो जिथं थांबून तुमच्याकडे पाहील, तिथं एक ओळ कमी आहे.