आधी तुझा भाव, मग बोर्ड

अरे,

परवा रात्री साडेअकराला तुझा मेसेज आला. काका, घोड्यांच्या रेसवर पैसे लावून तीन रविवारात अठरा हजार गेले, आता नीट शिकायचंय, कुठून सुरू करू आणि या रविवारी काय लावू. पहिला प्रश्न वाचून बरं वाटलं, दुसऱ्याने माझी झोप घालवली. कारण शिकणाऱ्याला या रविवारी काही लावायचंच नसतं. हा अख्खा पुणे सीझन तू एक रुपया लावू नकोस. नोव्हेंबरात मुंबईला महालक्ष्मीच्या रेसेस सुरू होतील तेव्हा बघू, आणि तेव्हाही मी सांगेन तेव्हाच.

तुझ्या तीन रविवारांच्या बेट्स तू पाठवल्यास त्या मी बघितल्या. एकाही घोड्यापुढे तू 'का' लिहिलेलं नाहीस. कुणीतरी ग्रुपवर टिप टाकली, बुकीच्या बोर्डावर भाव, म्हणजे रुपयाला मिळणारा नफा, पडला, तुला वाटलं पैसा येतोय म्हणजे काहीतरी आहे, म्हणून तू पण धावलास. हे मी तुला रागावून सांगत नाही, मी स्वतः सहा वर्षं हेच केलं.

आता कामाचं. हँडिकॅप म्हणजे काय हे आधी डोक्यात घे. क्लबचा हँडिकॅपर प्रत्येक घोड्याला रेटिंग देतो, रेटिंगचा एक पॉइंट म्हणजे अर्धा किलो, त्यामुळे 46 रेटिंगवाला आणि 26 रेटिंगवाला एकाच रेसमध्ये आले तर पहिल्याच्या पाठीवर दहा किलो जास्त. हेतू हा की सगळे एका रेषेत विनिंग पोस्टला यावेत. म्हणजे तू रेसबुक उघडतोस तेव्हा एका जाणकार माणसाने तुझ्या आधीच सगळ्या घोड्यांवर मत देऊन ठेवलेलं असतं. तुझं काम एवढंच की त्याचं मत कुठे शिळं झालंय ते शोधायचं. घोडा वरच्या क्लासमधून घसरत खाली आलाय पण मागच्या रनला स्टार्टलाच अडकला होता का? मोठ्या गॅपनंतर येतोय का? पुण्याच्या पावसातल्या मऊ ट्रॅकवर जिंकलाय आणि आता मुंबईच्या हिवाळ्यातल्या टणक ट्रॅकवर पळणार आहे का? ट्रॅक किती मऊ ते मोजणाऱ्या पेनेट्रोमीटरचं रीडिंग छापलेलं असतं, कोणी बघत नाही, तू बघ.

सुरुवातीला फक्त 1200 मीटरच्या हँडिकॅप रेसेस घे, क्लास फोर आणि फाइव्ह, म्हणजे कमी रेटिंगवाल्या घोड्यांच्या. डर्बी बिर्बी नंतर, 2400 मीटर हा वेगळाच खेळ आहे, तिथे स्टॅमिना आणि जॉकीचं डोकं लागतं. 1200 ला एक लेंग्थ, म्हणजे एका घोड्याच्या लांबीएवढं अंतर, साधारण दीड किलो धर. समजा एक घोडा दुसऱ्याकडून दोन लेंग्थने हरला, म्हणजे तीन किलोचा फरक, आणि आज वजनं बदलल्यामुळे हरलेल्याला त्याच्यापेक्षा चार किलोचा फायदा मिळतोय, तर कागदावर तो एक किलोने पुढे आहे. हा कागद झाला. मग व्हिडिओ बघायचा, तो हरला तेव्हा शेवटच्या दोनशेला जॉकी चाबूक मारत होता की घोडा न मारता नुसता हातावर येत होता, बाहेरून फिरून आला का, ड्रॉ, म्हणजे स्टार्टिंग गेटचा नंबर, कुठला होता. मग स्टुअर्ड्सचा, म्हणजे रेसवर नजर ठेवणाऱ्या अधिकाऱ्यांचा, रिपोर्ट. मग सकाळच्या वर्कचे, म्हणजे सरावाचे, टायमिंग, पण त्याला फार डोक्यावर घेऊ नकोस, सकाळी पाठीवर किती वजन होतं हे तुला कळत नाही.

आणि आता जे मी तुला परत परत सांगणार आहे ते. हे सगळं झालं की वहीत प्रत्येक घोड्यापुढे त्याचा चान्स टक्क्यात लिही. बेरीज शंभरच आली पाहिजे, एकशेवीस आली तर तू स्वतःशी खोटं बोलतोयस, परत कर. पंचवीस टक्के म्हणजे थ्री टू वन, रुपयाला तीन रुपये नफा; पन्नास म्हणजे इव्हन मनी, रुपयाला रुपया. असा सगळ्या फील्डचा, म्हणजे रेसमधल्या सगळ्या घोड्यांचा, भाव काढ. आणि हे बोर्ड उघडायच्या आत. एकदा का बोर्ड बघितलं की तुझं मत संपलं, मग तू फक्त बोर्डाशी जुळवून घेतोस आणि त्यालाच अभ्यास म्हणतोस. आधी तुझा भाव, मग बोर्ड. फोन बंद ठेवून लिही. ग्रुप म्यूट कर, खरं तर सोडच.

हे मी कुठे शिकलो ते सांगतो, घरी कोणाला सांगितलेलं नाही. माझ्या वहीत एका घोडीपुढे थ्री टू वन लिहिलेलं होतं, माझ्या स्वतःच्या अक्षरात. कोर्सवर गेलो तर बोर्डावर इव्हन मनी. म्हणजे सोडायचीच बेट. पण एक ओळखीचा माणूस कानाला लागला, घोडीच्या मालकाच्या घरातून पैसा येतोय म्हणाला, आणि मी वही खिशात घातली. वडिलांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला बाजूला काढलेले सहा हजार माझ्याकडे होते. घोडी पाचवी आली. ऑपरेशन चार महिने पुढे गेलं, मी त्यांना सांगितलं की डॉक्टरांची तारीख मिळत नाही, आणि ते चार महिने पेपर डोळ्याला चिकटवून वाचत होते. त्यांनी कधी विचारलं नाही. घोडी हरली याचं दुःख नाही, घोडे हरतात. मला माहीत होतं की ती इव्हन मनीची नाही आणि तरी मी लावली. आधी तुझा भाव हे मी तेव्हापासून म्हणतो, आणि म्हणून इतका चिडून म्हणतो.

टॅक्सचं पण समजून घे, ते टिपवाले सांगत नाहीत. 2023 च्या ऑक्टोबरपासून बेटच्या पूर्ण रकमेवर 28 टक्के जीएसटी पक्का झाला आणि 2025 च्या सप्टेंबरात तो 40 झाला. आता धर की शंभराच्या बेटला तुझ्या खिशातून एकशेचाळीस गेले. इव्हन मनीचा घोडा आला तर दोनशे परत, म्हणजे नुसतं बरोबरीत राहायला तो सत्तर टक्के वेळा आला पाहिजे. फाइव्ह टू वनला पूर्वी सोळा-सतरा टक्के पुरत होते, आता तेवीसच्या वर लागतात. कमी भावाचे फेव्हरेट घेऊन पैसे करू म्हणणाऱ्याने हा हिशोब एकदा कागदावर करावा. टॅक्स चुकवायला बाहेरच्या बुकीकडे जाऊ असं तुझ्या मनात येईलच, तर त्या दिवशी मला फोन करू नकोस, कायमचा करू नकोस.

तू मेसेजच्या शेवटी लिहिलंयस की सुप्रीम कोर्टानेच रेसिंग हा स्किलचा गेम आहे असं सांगितलंय. हो, 1996 ला सांगितलं, आणि मलाही ते ऐकून छाती फुगल्यासारखं झालं होतं. पण कोर्टाने तुला स्किल दिलं नाही रे बाबा. ते वहीतून येतं. माझ्याकडे सव्वीस वर्षांच्या वह्या आहेत, माझी बायको म्हणते रद्दीत घाला, मी घालत नाही. सोसायटीत दोघं-तिघं मला जुगारी म्हणतात ते मला माहीत आहे. बँकेतली नोकरी मी एकतीस वर्षं केली, त्या सहा हजारांनंतर उधार घेऊन किंवा घरखर्चातून एकही बेट लावली नाही, मुलीची फी एकदाही थकली नाही. मी शनिवारी कोर्सवर जाऊन आठपैकी आठ रेसेस नुसत्या बघून परत आलोय, एकदा नाही, शंभरदा. जुगाऱ्याला हे जमतं का? मला हे कोणाला पटवून द्यायचं नाही, पण तुला पटावं असं वाटतं.

तुला राग येईल की काका जॅकपॉट, टनाला असल्या एकावेळी अनेक घोडे ओळखायच्या बेट्स काहीच शिकवत नाहीत. नाही शिकवणार. एका रेसचा विनर ज्याला सांगता येत नाही त्याने लागोपाठ पाच विनर काढायला का जावं? पूल, म्हणजे बक्षिसाची जमा रक्कम, मोठा दिसतो म्हणून? आधी एक रेस. एक घोडा. आधी तुझा भाव.

त्या अठरा हजारांचं काय ते आईला सांग. परत जिंकून भरून काढतो हा विचार डोक्यात असेल तोवर तुझी वही खोटीच येणार, कारण तू प्रत्येक घोड्यात अठरा हजार बघशील.

या शुक्रवारी रात्री दहाच्या आत शनिवारच्या कार्डातल्या 1200 मीटरच्या दोन हँडिकॅप रेसेसचे तुझे भाव लिहून पानाचा फोटो मला पाठव. प्रत्येक घोड्यापुढे एक ओळ 'का'. खाडाखोड असली तर असू दे, फेअर करून पाठवू नकोस. शनिवारी पहिल्या रेसच्या तासभर आधी पॅडॉकच्या, म्हणजे रेसआधी घोडे फिरवतात त्या जागेच्या, रेलिंगपाशी भेट, पाकीट घरी ठेवून ये, तिकिटाचे आणि चहाचे मी देईन.