सी भाषेची स्टँडर्ड लायब्ररी स्वतः लिहायला घेतलीस? प्रिंटएफला (मजकूर छापणाऱ्या फंक्शनला) इतक्यात हात लावू नकोस

आधी मेमरीतले बाइट कॉपी करणारी (मेमसीपीवाय, मेममूव्ह), एकाच किमतीने भरणारी (मेमसेट) आणि ताडून बघणारी (मेमसीएमपी) फंक्शन्स लिही. फ्रीस्टँडिंग मोडमध्येसुद्धा, म्हणजे स्टँडर्ड लायब्ररी नाही असं सांगितलं तरी, जीसीसी कंपायलर ही चार फंक्शन्स असणारच असं धरून चालतो. इथेच मोठा खड्डा आहे: मेमसेटमध्ये तू साधा लूप लिहितोस, कंपायलरचा ऑप्टिमायझर (कोड वेगवान करणारा भाग) तो ओळखतो आणि त्या जागी मेमसेटलाच कॉल टाकू शकतो. मग फंक्शन स्वतःलाच बोलावत राहतं. म्हणून ऑब्जेक्ट फाइल (कंपायलरने बनवलेला मशीन कोड) डिसअसेंबल करून, म्हणजे असेंब्लीत उलगडून, बघच.

सी भाषेचं स्टँडर्ड, म्हणजे अधिकृत नियमांचा दस्तऐवज, शब्दन् शब्द वाच. स्ट्रिंग-तुलना प्रत्येक बाइट अनसाइन्ड कॅर, म्हणजे 0 ते 255 मधला आकडा, धरूनच करायची असते. एक्स८६ लिनक्सवर साधा कॅर (जो तिथे ऋणही होतो) वापरलास, तर यूटीएफ-८ एन्कोडिंगमधली देवनागरी इंग्रजी अक्षरांच्या आधी लागेल. एसएनप्रिंटएफ, म्हणजे बफरमध्ये (दिलेल्या जागेत) मजकूर लिहिणारं फंक्शन, बफर अपुरा पडला तरी पूर्ण मजकुराची लांबी परत देतं, शेवटचा शून्य बाइट न धरता.

खरी कसोटी फ्लोटिंग पॉइंटची, म्हणजे दशांश संख्या छापण्याची. डबल या प्रकारात साठवलेला 0.1 नेमका 0.1 नसतो, त्याची खरी किंमत दशांशचिन्हापुढे 55 अंक जाते. कुणी 55 अंक मागितले तर ते सगळे बरोबर छापले गेलेच पाहिजेत, याबाबत मी हट्टी आहे. मसल ही तयार सी लायब्ररी हे कसं करते ते जरूर वाच, सोर्स खुला आहे. पण आधी स्वतः झगडून बघ.